अक्कांकडे चौकशी

अक्का भाडेकरूला खोली दाखवण्याआधी संडास दाखवायच्या. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, हे माहीत नव्हतं. पहूरहून आम्ही दोघं सकाळच्या एसटीने जळगावला आलो होतो, आबांच्या हातात माझी वळकटी होती, आणि "खोली बघायची होती" एवढं वाक्य त्यांच्या तोंडून पुरतं बाहेर पडण्याआधीच या बाईंनी त्यांना घराच्या मागे नेऊन एका दारासमोर उभं केलं. आबांनी सवयीने रुमाल नाकाला लावला. दार उघडलं तर आतली फरशी आमच्या दुकानाच्या काउंटरपेक्षा स्वच्छ. भिंतीवर रंगाने लिहिलं होतं, 'पाणी टाका', आणि त्याच्या खाली, बहुधा काही अनुभव गाठीशी आल्यावर, 'पुन्हा टाका'. "खोलीला रंग मारला की ती कुणालाही आवडते," अक्का म्हणाल्या. "माणूस कसा आहे ते इथं कळतं. ही असंच ठेवणार असेल तर वर चला." आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बारावीनंतरच्या माझ्या उच्च शिक्षणाची सुरुवात अशी संडासाच्या दारात शपथ घेऊन झाली.

ती वसाहत कॉलेजच्या मागच्या अंगाला होती. कधीकाळी तिथं नोकरदारांची बैठी घरं होती म्हणे. मग कॉलेजं वाढली, आजूबाजूच्या तालुक्यांतून पोरंपोरी यायला लागली आणि घरांना मजले फुटले. आता खाली म्हातारी माणसं आणि वर विद्यार्थी, अशी सगळ्या गल्लीची वाटणी आहे. प्रत्येक फाटकावर 'खोली देणे आहे'ची पाटी, तिच्याखाली 'फक्त मुलींसाठी' किंवा 'मुलांनी विचारू नये'. कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान, त्याच्या डोक्यावर अभ्यासिका, अभ्यासिकेच्या समोर मेस, आणि मेसमध्ये रोज संध्याकाळी बटाट्याची भाजी. गच्चीगच्चीवर काळ्या टाक्या आणि वाळत घातलेल्या जीन्स. उन्हाळ्यात त्या जीन्स इतक्या कडक वाळायच्या की काढून भिंतीला टेकवल्या तर उभ्या राहायच्या.

अक्कांचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते, ते मी जाण्याच्या बऱ्याच आधी वारले होते. मुलगा सुरतेला कापडाच्या व्यवसायात होता, दिवाळीला यायचा. खाली अक्का एकट्या आणि वर तीन खोल्यांत आम्ही मुली, असा संसार. त्यांचं माहेर पिंपळनेरकडचं, त्यामुळे त्यांच्या दोन भाषा होत्या. आलेल्या पाहुण्यांसाठी शाळेत शिकवतात तसली मराठी, आणि राग आला की अहिराणी. पण लाड करायचा झाला तरी अहिराणीच बाहेर पडायची. त्यामुळे पहिल्या वर्षी मला त्या रागावल्या की माया करतायत हेच कळत नसे. पुढे लक्षात आलं की बहुतेक वेळा दोन्ही एकदमच चालू असतं.

मुलींची नावं त्या लक्षात ठेवत नसत. "नावं सगळ्यांची पूजा नाहीतर स्नेहल," असं त्यांचं म्हणणं. त्या आम्हाला गावाच्या नावाने हाक मारायच्या. मी पहूर. माझ्या खोलीतली मैत्रीण यावल. पलीकडे चोपडा आणि पाचोरा. "चोपडा, तुझा गॅस चालू राहिला!" "यावल, तुझे केस मोरीत अडकलेत, येऊन काढ!" रस्त्याने जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं की आत कुणीतरी एसटीच्या गाड्या सोडतंय. पाणी यायच्या दिवशी तर हमखास. नळ एक-दोन दिवसांआड यायचा, कधी येईल याचा नेम नसायचा, आणि आला की अक्का जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पळी बडवायच्या. आम्ही असू तशा, कुणी अर्धी वेणी घातलेली, कुणी तोंडात ब्रश, बादल्या घेऊन खाली धावायचो. सगळ्यांत आधी कोण आलं ते त्या पाहायच्या आणि तिलाच म्हणायच्या, "एवढी घाई अभ्यासात दाखव."

कौतुक हा पदार्थ अक्कांच्या स्वयंपाकघरात नव्हता. चोपडा विद्यापीठात पहिली आली तेव्हा आम्ही तिला ओवाळायचं ठरवलं. अक्कांनी निरांजन दिलं, कुंकू दिलं आणि म्हणाल्या, "पेपर सोपे काढले असतील यंदा." हिवाळ्यात वांगी आली की त्या अंगणात काट्याकुट्या पेटवून स्वतः वांगी भाजायच्या, बडग्याने ठेचून भरीत करायच्या आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर आम्हा सगळ्यांना पोट फुटेस्तोवर वाढायच्या. आम्ही बोटं चाटत असताना त्या मात्र आपल्याच भरताला नावं ठेवत असायच्या. मिरची फिकी पडली, वांगं बामणोदचं नव्हतं, दाणे जास्त झाले. त्यांच्या कोशात कौतुकाची शेवटची पायरी म्हणजे "बरं शे," बरं आहे. ते दोन शब्द इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला एकदा आले, तेही माझ्यासाठी नव्हे, मी आणलेल्या झाडूसाठी.

नियमही बरेच होते. पाण्याचा हीटर नको, इस्त्री नको, आणि मोबाइलवर बोलायचं तर अंगणात, त्यांच्या समोर. "लपवण्यासारखं नाही ना, मग आवाज कशाला लपवायचा?" हा त्यांचा सवाल बिनतोड होता. त्याचा परिणाम असा झाला की आमच्या सगळ्यांच्या आयांशी अक्का परस्पर बोलायला लागल्या. मी आईला सांगावं, "सर्दी झालीये गं," आणि आईने काही बोलायच्या आत अक्कांनी बाजूने ओरडावं, "ओल्या केसांनी पंख्याखाली झोपते ती! विचारा तिला!" आईला या बाई फार आवडायच्या.

त्यांचं खरं दर्शन मात्र परीक्षेच्या दिवसांत व्हायचं. मार्च लागला की त्यांच्या घरात मिरच्या कुटणं बंद, शेजारच्या घरी कुटल्या तर तिथंही बंद. एकदा दुपारी गल्लीतून वरात निघाली, डीजे असा की खिडकीची काच थरथरत होती. दुसऱ्या दिवशी यावलचा गणिताचा पेपर. अक्का पदर खोचून सरळ वरातीत शिरल्या, नाचणाऱ्या करवल्यांमधून वाट काढत घोड्यापाशी गेल्या आणि नवरदेवालाच म्हणाल्या, "बाळा, तू कितवी शिकला?" तो बिचारा मुंडावळ्या सावरत म्हणाला, "बी.कॉम." "एका झटक्यात?" नवरदेव घोड्याच्या मानेकडे पाहू लागला. "मग तुला माहीत आहे ना बाळा, गणितात विषय राहिला की कसं वाटतं?" डीजे गल्ली संपेपर्यंत मुका झाला. यावल त्या पेपरात नापास झाली ती गोष्ट वेगळी.

पण वसाहतीत अक्कांचं नाव होतं ते चौकशीसाठी. हा प्रकार आमच्याकडच्यांना सांगायला नको. मुलगी शहरात खोली घेऊन शिकत असली आणि तिला स्थळ आलं की मुलाकडची दोन शहाणी माणसं आधी तिच्या घरमालकिणीकडे जाऊन बसतात. आईबाप काय, चांगलंच सांगणार. कॉलेजात काय, हजेरी कळणार. मुलगी कशी आहे, हे कळायचं तर घरमालकीण. कुठल्या कुठल्या गावांहून माणसं यायची. अक्का त्यांना खाटेवर बसवायच्या, चहा करायच्या, आणि मग फाटकाजवळच्या आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर अशा टेकायच्या की जणू कोर्टात साक्ष द्यायची आहे. त्या दिवशी त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. त्यांचा एक कायदा होता आणि तो त्या प्रत्येक पाहुण्याला आधी ऐकवायच्या, "मी दखेल तेच सांगस. आयकेल नही." डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं सांगणार, कानावर आलेलं नाही. त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे सराफाच्या कसोटीचा दगड. अक्कांनी पसंत केली म्हणजे सून म्हणून डोळे झाकून आणावी, असं धुळ्यापर्यंत मानलं जायचं.

शेवटच्या वर्षाला दिवाळी झाली आणि माझं स्थळ आलं. मुलगा धुळ्याला एका कंपनीत इंजिनीअर, आईवडील शिरपूरकडे खेड्यात, तो स्वतः देवपुरात खोली घेऊन राहणारा. आबा भलतेच खूश. पण मुलाकडच्यांना घाई होती, तुळशीचं लग्न झालं की बार उडवून टाकू म्हणाले. आणि परीक्षा? परीक्षा काय, सासरहून द्यायची! हे 'सासरहून' मला चांगलं माहीत होतं. आमच्या खोलीत माझ्याआधी अमळनेर राहायची. तीही परीक्षा सासरहून देणार होती. तिची पुस्तकं आमच्या माळ्यावर खोक्यात होती, न्यायला कुणी आलं नव्हतं. मला रसायनशास्त्रात बी.एस्सी. पुरं करायचं होतं, जमलं तर पुढं एम.एस्सी.ही करायचं होतं. पण आबांसमोर हे बोलायची माझी छाती नव्हती. आबा रागीट नव्हते हो. रागीट बापाशी भांडता तरी येतं. आबा समोर बसून नुसते आनंदात असायचे, आणि त्या आनंदापुढे माझं तोंड उघडत नसे.

माझा सगळा भरवसा अक्कांच्या जिभेवर होता. मुलाचे काका आणि मावशी चौकशीला आले तेव्हा मी आणि यावल जिन्यात श्वास रोखून बसलो होतो. आणि अक्कांनी मला निराश केलं नाही. "उठते ना, टाकीवर ऊन आलं की," अक्का म्हणाल्या. "दूध रोज उतू घालवते. खिचडी करते ती चमच्याने खायची की थापीने लावायची ते ज्याचं त्याने ठरवावं. मोरीत गाणी म्हणते, आवाज नाही. एक शब्द सांगा, दोन परत करते." यावलने माझा हात दाबला. मला तर खाली जाऊन अक्कांच्या पाया पडावंसं वाटलं. काका-मावशींनी चहा संपवला, एकमेकांकडे पाहिलं आणि ते गेले. त्या संध्याकाळी मी यावलला कोपऱ्यावर पाणीपुरी खायला घातली.

दोनेक दिवसांनी आबांचा फोन आला. त्यांचा आवाज आनंदाने फुटत होता. "पोरी, त्यांनी पसंत केलं! मावशी म्हणाल्या, एवढी करडी घरमालकीण, तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलेली, आणि तिला सांगायला काय मिळालं तर दूध उतू गेलं! म्हणे याहून चोख मुलगी कुठे मिळणार?" मी फोन हातात धरून अंगणात तशीच उभी राहिले. ज्या बाईने कधी कुणाचं कौतुक केलं नाही, तिने ठेवलेली नावंसुद्धा लोक कौतुक म्हणून मोजून घेऊन गेले होते. असल्या चुकीवर हसावं की रडावं? यावल हसली. मी रडले.

आणि मग अक्कांवर ओरडले. त्या घरात अक्कांवर ओरडणारी मी पहिलीच असेन. "तुम्ही माझं वाटोळं केलंत," म्हणाले. अक्का तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं. त्या खरोखरच चकित झाल्या होत्या.

"तुले नको व्हतं?"

"मला परीक्षा द्यायची आहे."

"मंग बापले सांगं का तू?"

"नाही."

"आईले?"

"नाही."

"मंग मी काय आंतरज्ञानी शे का वं?" एवढं म्हणून त्यांनी पुन्हा सूप उचललं. पण तांदळात त्यांचं लक्ष नव्हतं, कारण खडे तांदळात पडत होते आणि तांदूळ खाली. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "इतली माणसं उनीत, गयीत, पन मी कधी पोरीसले इचारंच नही." त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटतं, त्यांना तेव्हा अमळनेरची आठवण झाली असावी. तिचीही चौकशी याच अंगणात झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा घालून बाहेर पडल्या. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "धुळ्याला. चौकशी काय फक्त पोरींचीच करायची का?" आमच्या वसाहतीच्या इतिहासात मुलाची चौकशी त्याच्या घरमालकिणीकडे करायला गेलेली बाई ही पहिलीच. आईबापासमोर माणूस लेक असतो, घरमालकिणीसमोर तो जसा असतो तसाच असतो, असं त्यांचं म्हणणं. मी दिवसभर देवाला विनवत होते की पोरगा दारुडा निघू दे, निदान उधळ्या तरी असू दे. म्हणजे आबांना काही सांगायलाच नको.

अक्का संध्याकाळी परतल्या त्या फार खुशीत. देवपुरातल्या मालकीणबाई म्हणजे त्यांना आरशात पाहिल्यासारख्या वाटल्या होत्या. दोघींनी आधी एकमेकींचीच उलटतपासणी घेतली. अक्कांनी तिथंही आधी संडास पाहिला. मग बिबडे भाजले गेले, शेंगदाणे आले आणि दुपार कशी सरली ते दोघींनाही कळलं नाही. "अक्का, पोरगा!" मी म्हणाले.

अक्का पाणी प्यायल्या. "पोऱ्या चांगला शे. आपलं ताट आपण धुतो. मालकीणबाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांना रोज पेपर वाचून दाखवतो. दाराला चप्पल नीट लावतो." आणि मग ते दोन शब्द आले. "बरं शे."

आता तर काही मार्गच उरला नव्हता. वाईट मुलाला नाही म्हणता येतं, चांगल्याला काय म्हणून नाही म्हणणार? मी तसं बोलूनही दाखवलं. अक्का माझ्याकडे पाहतच राहिल्या. "पोऱ्या चांगला शे म्हनीसन तू तयार शे, असं कोनी सांगं तुले?" त्या म्हणाल्या. पुढं मराठीत आल्या. "स्लॅब ओला असताना वर भाडेकरू ठेवला तर जन्मभर गळतं. भाडेकरू वाईट असतो म्हणून नाही. स्लॅब ओला असतो म्हणून." मी त्यांना म्हटलं, हेच आबांना सांगा. त्या तांब्या उचलून आत गेल्या.

रविवारी आबा आले. हातात पेढ्यांचा बॉक्स, अंगावर इस्त्रीचा शर्ट. तारीख धरायला मुलाकडे जायचं होतं, जाता जाता अक्कांना पेढे द्यायचे आणि मला घेऊन जायचं, असा बेत. अक्कांनी त्यांना खाटेवर बसवलं, चहा केला. मी दाराशी उभी. आबांनी पेढा पुढे केला आणि फार आदराने म्हणाले, "अक्का, तुमच्या शब्दावर हे सगळं जुळलं. तुम्ही पोराचीपण चौकशी करून आलात असं कळलं. आता तुमचं काय मत आहे ते सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

असं कुणी विचारावं यासाठी अक्कांनी जन्म काढला होता. त्या खुर्चीत सरसावल्या, पदर सारखा केला, तोंड उघडलं. ओल्या स्लॅबचा सगळा दाखला त्यांच्या जिभेवर आलेला मला दिसत होता. मी सुटकेचा श्वास सोडला. अक्का बोलणार, आबा ऐकणार, मला काही करायला नको. आणि अक्कांनी तोंड मिटलं. पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "माले बठ्ठा इचारतस. तो काका इचारी गया, ती मावशी इचारी गयी, आते तुम्ही इचारतस. हाई पोरले कोनी इचारं का? मीबी इचारं नही. लगीन तिनं शे ना? हिलेच इचारा."

एवढं बोलून त्या उठल्या, आत गेल्या आणि आतून कडी लावून घेतली. शेजारच्या गल्लीत दोन माणसं बोलायला लागली तर कान टवकारणारी ही बाई, आपल्या स्वतःच्या अंगणातलं सगळ्यांत महत्त्वाचं बोलणं सोडून कडी लावून आत बसली होती.

मला अक्कांचा इतका राग कधी आला नव्हता. आबा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या तोंडावर हसू होतं, पण ते आता कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. "काय गं?" ते म्हणाले. मी बोलले. कसं बोलले ते आठवत नाही, बरंचसं रडतच बोलले. परीक्षा द्यायची आहे म्हणाले, पुढं शिकायचं आहे म्हणाले, अमळनेरच्या खोक्याचंही सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग बॉक्समधला एक पेढा काढून त्यांनी स्वतःच खाल्ला, अगदी सावकाश. "मला वाटलं, तुला आनंद झालाय," ते म्हणाले. "तू फोनवर काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं लाजतेस." आणि बॉक्सचं झाकण लावत, "परीक्षा कधी आहे?" उठून फाटकाबाहेर जाऊन त्यांनी मुलाच्या वडिलांना फोन लावला. ते पाठमोरे होते. दुकानात गिऱ्हाइकाला माल नाही म्हणतानाही ज्यांना संकोच वाटतो ते आबा, त्या दिवशी नाही म्हणत होते. त्यांच्या पाठीकडे पाहून मला पुन्हा रडू आलं.

मुलाकडचे थांबले नाहीत. थांबावं असं त्यांच्यावर बंधनही नव्हतं. वैशाखात त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं. मी मेमध्ये पेपर दिले, पास झाले, एम.एस्सी.ही जळगावातच अक्कांच्या वरच्या खोलीत राहून पुरं केलं. अक्कांना मात्र त्या रविवारचा त्रास झाला. ही बाई मुलींना शिकवून ठेवते, जुळलेली लग्नं मोडते, अशी बोलवा झाली. एक वर्ष तर आमच्या शेजारची खोली रिकामीच राहिली. अक्का म्हणायच्या, "बरं झालं, पाणी पुरतं." पण रोज त्या खोलीचं दार उघडून झाडून घ्यायच्या.

पुढे मला धुळ्याला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. आबा खोली पाहायला निघाले तर अक्का म्हणाल्या, मी ठरवली आहे. देवपुरातल्या त्या मालकीणबाईंशी त्यांचं फोनवर अखंड चाललेलं असायचं. त्यांच्याकडची एक खोली रिकामी झाली होती, आतला मुलगा आता कुठे बायकोला गावाहून आणून बिऱ्हाड थाटायला गेला होता म्हणून. तर ज्याच्याशी माझं लग्न व्हायचं होतं, त्याच्या खोलीत मी सध्या राहते. खिडकीत त्याने ठोकलेला खिळा आहे, त्यावर माझी पर्स लटकते. मालकीणबाईंच्या यजमानांना आता पेपर मी वाचून दाखवते. मुलगा खरंच चांगला असणार, कारण ते म्हणतात की तो तुझ्यापेक्षा सावकाश वाचायचा.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी जळगावला गेले होते. अक्कांची तब्येत उतरली होती, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना सुरतेला नेणार होता. त्या परत आल्या नाहीत. थंडीत तिकडेच गेल्या. मला अजून कधी कधी पाणी आलं की कठड्यावर पळीचा आवाज आल्यासारखं वाटतं आणि फार एकटं वाटतं. पण त्या आखाजीच्या दुपारचं सांगायला हवं. आम्ही दोघी अंगणात बसलो होतो आणि फाटकाशी गाडी थांबली. बऱ्याच दिवसांनी चौकशी आली होती. वरच्या मजल्यावरच्या एका मुलीची, जिचं गाव पारोळा, तिची. पाहुण्यांनी विचारलं मात्र, अक्कांच्या डोळ्यांत पूर्वीचं तेज आलं. पारोळाबद्दल त्यांना सगळं माहीत होतं. मला त्या सकाळपासून तेच सांगत होत्या, किती आळशी, किती वाजता उठते, बादल्या कशा उपड्या टाकते. त्या खुर्चीत सरसावल्या आणि मग जिन्याकडे मान करून त्यांनी हाक मारली.

"पारोळा, खाले ये वं. तुनी चौकशी उनी शे."

मुलगी आली, हाताला कणीक, कपाळावर घाम. पाहुणे उठावं की बसावं या विचारात. अक्कांनी आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली आणि स्वतः माझा हात धरून पायरीवर बसल्या. पारोळाने खुर्चीत बसून हात ओढणीला पुसले आणि अगदी गंभीरपणे सांगायला सुरुवात केली की ती बँकेच्या परीक्षा देते आहे, निकाल लागेपर्यंत लग्नाचा विचार नाही, आणि रोज पहाटे उठून अभ्यास करते. पहाटे म्हणताच अक्कांची बोटं माझ्या हातावर घट्ट आवळली गेली. मी पाहिलं, त्यांनी ओठ दाताखाली धरले होते. शेवटपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना ते किती जड गेलं असेल, ते आम्हा भाडेकरणींनाच ठाऊक.